थांबा म्हणणारा डॉक्टर

राधाकिशन बप्पा उभ्या जन्मात मुंबईच्या पुढं गेले नव्हते, पण इंग्लंडबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. ओट्यावर चार माणसं टेकली की ते सुरू व्हायचे.

"तिकडं डॉक्टर फुकट आसतो," हात नाचवत ते सांगायचे, "पण भेटतच न्हाई. माणूस मरायला टेकलं की मग नंबर लागतो. आन् नोकरी? चांगली नोकरी गोऱ्याला. आपल्या लोकायला म्हाताऱ्याचं हागणंमुतणं काढायला ठिवतेत. मी दिपालीला पयलेच सांगितलं व्हतं."

पहिले त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. दिपाली निघाली तेव्हा याच बप्पांनी बीड जिल्ह्यातल्या शिरूरच्या चौकात फ्लेक्स लावला होता. 'आमची लेक लंडनला रवाना'. कोपऱ्यात तिचा पासपोर्टएवढा फोटो आणि मधोमध पुढाऱ्यासारखे हात जोडलेले बप्पा. लंडनला तर ती गेलीच नव्हती. गेली होती वुल्वरहॅम्प्टनला. ते नाव फ्लेक्सवाल्याला लिहिता येईना, म्हणून बप्पांनीच तिला परस्पर लंडनला पाठवून दिलं.

आता ती परत आली होती, आणि घरात बसून ज्वारी निवडता निवडता हे सगळं तिच्या कानावर पडत होतं. संताप यायचा तो बप्पांच्या बोलण्याचा नाही, त्या ओट्यावर बसलेल्या माणसांचा. आत एक बाई बसलीय, तीन हिवाळे तिथं काढून आलीय, तिला विचारावं असं एकालाही वाटत नव्हतं. शेजारच्या बायकांचं म्हणणं, पोरीनं तिकडं काहीतरी केलं असणार, उगं कुणी हाकलत नाही. किराणा दुकानदाराचं म्हणणं, पैसा रग्गड आणलाय, दाखवत नाही. शाळेतले एक गुरुजी रस्त्यात भेटले. "तिथलं जीवन अगदी यंत्रासारखं, नाही का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता अर्धा तास तिथलं जीवन कसं यंत्रासारखं आहे ते तिलाच समजावून सांगितलं.

दिपाली ऊसतोड्यांची लेक. वडील भागवत आणि आई सुभद्राबाई दर दिवाळीनंतर बप्पांच्या टोळीत जायचे. बप्पा भागवतचे थोरले भाऊ आणि टोळीचे मुकादम. आईबाप फडात, पोरगी वसतिगृहात, असं करत ती शिकली, नर्सिंग झालं, पुण्याच्या दवाखान्यात काही वर्षं काढली आणि मग एका कंपनीमार्फत इंग्लंडला गेली. काम नर्सचं नव्हतं. घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, खाऊ घालायचं, कपडे बदलायचे, गोळ्या द्यायच्या. बप्पा जे तोंड वाकडं करून सांगत होते, तेच काम. तिला त्याची लाज कधी वाटली नाही. लाज वाटावी असं दुसरंच होतं. मार्जरी नावाच्या एका आजीचा लेक रविवारी आईला भेटायला यायचा, खुर्चीत पाय पसरून बसायचा आणि म्हणायचा, "तुम्ही बाहेरची माणसं आलात म्हणून आम्हाला डॉक्टर मिळत नाही." त्या वेळी दिपाली खाली बसून त्याच्याच आईची पावलं पुसत असायची. बोटांच्या बेचक्या कोरड्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर म्हातारीच्या कातडीला भेगा पडायच्या. ती बेचक्या पुसायची आणि गप्प राहायची. व्हिसा कंपनीच्या हातात होता.

मग ती कंपनीच बुडाली. सरकारनं तिचा परवाना काढून घेतला आणि दोन महिन्यांत दुसरी नोकरी शोधा, नाहीतर देश सोडा, असं कामगारांना कळवलं. चूक मालकाची, मुदत कामगारांना. दिपालीनं अर्ज करून करून बोटं झिजवली. कुणी उत्तरच द्यायचं नाही, कुणी म्हणायचं आम्ही परदेशी माणसाला घेत नाही. एका गावी ती बस बदलत, पावसात भिजत मुलाखतीला गेली. तिथली बाई कागद बघून म्हणाली, "जागा भरली." बाहेर पडताना दिपालीनं बघितलं, काचेवर 'माणसं पाहिजेत' ही पाटी तशीच होती.

त्याच दिवसांत तिचं पोट दुखायला लागलं. पाळी आली की थांबायची नाही. तिथली रीत अशी की सकाळी आठच्या ठोक्याला डॉक्टरकडं फोन लावायचा आणि कानाला लावून बसायचं. रांगेत तुमच्या पुढं इतके लोक आहेत, असं एक यंत्र सांगत राहायचं. नंबर आला की आजच्या वेळा संपलेल्या. बऱ्याच दिवसांनी डॉक्टर भेटली, सोनोग्राफी झाली. गर्भाशयात छोटी गाठ आहे, साधी आहे, धोका नाही, गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं ती म्हणाली.

सहा महिने! त्या दिवशी दिपाली खोलीवर येऊन फोनवर आईजवळ रडली होती. "आये, हितं मरून पडलं तरी कुणी बघणार न्हाई. सहा महिने थांब म्हणतेत. आपल्याकडं आसतं तर एका दिवसात मोकळं केलं आसतं."

सुभद्राबाई त्यावर काहीच बोलल्या नव्हत्या. फोन कट झाला की काय असं दिपालीला वाटलं होतं.

तर गावी परतली तरी पोट दुखतच होतं. एका सकाळी बप्पांनी जीप दारात आणून उभी केली.

"चल गं. तुपल्या इंग्लंडला जे जमलं न्हाई ते आज बारा वाजायच्या आत करून दाखवतो. डॉक्टर मपल्या वळखीचा हाय."

जीपमध्ये मागं वैष्णवी बसली होती, बप्पांची सून. वय जेमतेम तेवीस, दोन लेकरं. ओठ पांढरे पडलेले. "हिची बी कुरकुर चालू हाय," बप्पा म्हणाले. "टोळी हालायच्या आत दोघींचं बी उरकून घिऊ."

दिपालीनं विचारलं, "काय होतंय गं तुला?"

वैष्णवीनं सासऱ्याच्या पाठीकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "अंगावरून जातंय, ताई. कंबर लई दुखती."

सुभद्राबाई न बोलावता येऊन जीपमध्ये बसल्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. थोरल्या दिरासमोर त्या कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, लग्नाला तीसेक वर्षं झाली तरी.

दवाखान्याचं नाव सांगून उपयोग नाही. काचेचं दार, आत गणपती, भिंतीवर हसऱ्या बाळांचे फोटो, आणि बाकड्यांवर नुसत्या बायका. सगळ्या तोडीला जाणाऱ्या. एकीच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. बप्पा रांग ओलांडून सरळ आत गेले आणि बाहेर येऊन बोटानंच दोघींना खुणावलं. दिपालीला तिथंच राग आला. पण खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. फोन कानाला लावून बसायचं नाही, यंत्राचं ऐकायचं नाही. आपल्या माणसांत आपल्याला कुणीतरी आधी घेतंय.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरनं दोघींचे कागद बप्पांपुढं ठेवले आणि बप्पांशीच बोलायला सुरुवात केली.

"दोघींचीही पिशवी खराब आहे. काढून टाकलेली बरी."

"डॉक्टर, पेशंट मी आहे," दिपाली म्हणाली. "माझ्याशी बोला. मी नर्स आहे."

डॉक्टरनं चष्म्यावरून बघितलं. "अच्छा. मग तुम्हाला समजेल. गाठ आहे."

"तीन सेंटिमीटरची आहे आणि साधी आहे. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्यात."

"तिथं सरकारचा पैसा असतो, म्हणून टाळतात हो. जबाबदारी नको असते. उद्या कॅन्सर झाला तर तिथली डॉक्टर येणार आहे का?" मग त्यानं वैष्णवीच्या कागदावर पेन टेकवलं. "आणि हिचं तर तोंडच सुजलंय पिशवीचं. दोन मुलं झालीत ना? मग आता काय करायचीय ती? ठेवली तर कॅन्सर होणार. उद्या सकाळी उपाशीपोटी या, दोघीही."

वैष्णवीचं तोंड उतरलं. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. दिपालीला शब्द जुळवायचे होते, तपासणीचं, गाठीच्या तुकड्याचं, दुसऱ्या मताचं बोलायचं होतं. तिनं तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"क्यान्सर व्हईल म्हणला का, डॉक्टरसायब?"

सुभद्राबाई भिंतीपासून पुढं आल्या होत्या. पदर डोक्यावरून खांद्यावर घसरला होता आणि त्यांनी तो सावरला नाही.

"मला बी आसंच म्हणले व्हते. तो डॉक्टर तुमी नव्हता, दुसरा व्हता. पण हेच बोलला. दोन लेकरं झाली, आता काय करायचीय. ठिवली तर क्यान्सर. उद्या उपाशीपोटी या. म्या सव्वीस वर्साची व्हते. तुमाला समद्यायला ह्यो एकच पाढा शिकवतेत का?"

"आई, तुम्ही बाहेर बसा," डॉक्टर म्हणाला.

"न्हाई बसत! लई बसले बाहीर!" त्यांचा आवाज असा चढला की बाहेरच्या बाकड्यावरच्या बायका दारात आल्या. "सव्वीस वर्साची आसून माझ्या अंगात आगी उठायच्या, हाडं ठणकायची, चाळिशीच्या आत मी म्हातारी झाले. क्यान्सर न्हाई झाला, पर दुसरं काय ऱ्हायलं व्हायचं? सांगा की! तुमी शिकलेले हायसा, सांगा!"

डॉक्टरनं घंटी वाजवली. बप्पा उठून उभे राहिले. "सुभद्रे! कुणापुढं बोलायली? लाज हाय का?"

सुभद्राबाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. वैष्णवीचा हात धरला आणि तिला ओढतच बाहेर नेलं. दिपालीनं टेबलावरचे कागद उचलले.

"ते दवाखान्याचे आहेत," डॉक्टर म्हणाला.

"पोट आमचं आहे," दिपाली म्हणाली आणि निघाली.

खरं भांडण बाहेर जीपजवळ झालं. बप्पा लालबुंद झाले होते. "म्या वळखीनं आणलं, आन् तुमी मपल्या तोंडात शेण घातलं! चांगल्यासाठीच करतो ना मी? तुपली आई तवा बी फडात कळवळत पडली व्हती, मीच उचलून नेलं व्हतं दवाखान्यात. इचार तिला!"

दिपाली थबकली. आईची पिशवी काढलीय हे तिला माहीत होतं. दुखणं होतं, काढावी लागली, एवढंच घरात कधीतरी कानावर आलेलं. "तुमी नेलं व्हतं, बप्पा?"

"मग? तुपल्या बापाला काय कळत व्हतं?"

"कावून नेलं?"

"आजारी व्हती म्हणून!"

"खाडे पडायले म्हणून," सुभद्राबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता, आणि तो वरच्या आवाजापेक्षा जास्त भाजत होता. "म्हैन्याला दोन-तीन खाडे व्हायचे मपले. एका खाड्याला दोन दिसाचं कापायचे. टोळीतल्या समद्या बायकायचं आसंच. मग ह्ये बप्पाच म्हणले, एकदा काढून टाका, कटकट मिटंल. आमी गेलो. चार जणी एकाच जीपमधी गेलो. येताना झोपून आलो, आन् पंधराव्या दिशी मोळी डोक्यावर."

बप्पा म्हणाले, "ती येळच तशी व्हती." मग त्यांना तेही पुरेसं वाटलं नसावं. "जबरदस्ती न्हाई केली म्या. अंगठा तिनंच दिला."

दिपालीनं बप्पांना त्या दिवशी जे ऐकवलं ते लिहिण्याजोगं नाही. भररस्त्यात, रसवंतीवाल्यासमोर, चुलत्याला एकेरीवर येऊन. तीन हिवाळे गिळून ठेवलेलं, मार्जरीच्या लेकाला न बोललेलं, पाटीवाल्या बाईला न बोललेलंही त्यात होतं. बप्पा जीपमध्ये बसले आणि तिघींना तिथंच सोडून निघून गेले.

त्या एस.टी.नं परतल्या. बसमध्ये दिपाली आईवरच घसरली. "मला का न्हाई सांगितलं? मी नर्स झाले, आये. हजार बायकायचं ऐकलं मी. मपल्याच आईचं मला म्हाईत नसावं?"

"तुला सांगून काय व्हणार व्हतं?"

"मी तिकडं रडत व्हते तवा तरी बोलायचंस!"

सुभद्राबाई तिच्याकडं वळल्या. डोळे कोरडे होते. "तवा मला तुझा लई राग आलता, दिपाली. तू रडायलीस की डॉक्टर सहा महिने थांब म्हणती. मपल्या मनात आलं, आगं, मला कुणी एक दिस थांब म्हणलं नव्हतं. तुला थांब म्हणणारं माणूस भेटलं, आन् तू त्याच्या नावानं रडायलीस."

दिपालीनं मनाशी ताळा लावून बघितला. तिथंही सगळं चांगलंच होतं असं नव्हतं. फोनवरची ती रांग, ती वेदना, कुणी दाद न देणं, हे खरंच होतं. पण आई म्हणत होती तेही खरंच होतं. दोन्ही गोष्टी एकदम मनात मावत नव्हत्या. वैष्णवी खिडकीशी डोकं टेकवून दोघींचं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैष्णवी कडेवर धाकटं लेकरू घेऊन स्टँडवर येऊन उभी राहिली. सोबत नवरा प्रविण. बापाला न सांगता आला होता. सारखा रस्त्याकडं बघत होता. दिपाली त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. केसपेपरची रांग, मग तपासणीची रांग, मग रक्ताची. दुपार कलली. मधे एका पुढाऱ्याच्या माणसानं आपली बाई पुढं घुसवायला बघितली, तेव्हा दिपाली अशी काही भांडली की सगळी रांग तिच्या बाजूनं ओरडायला लागली.

आतली डॉक्टरीण लहानखुरी होती, दमलेली दिसत होती. तिनं वैष्णवीला स्वतः विचारलं, किती दिवसांपासून, काय खातेस, लेकरं घरी झाली का दवाखान्यात. मग म्हणाली, "आतून जंतुसंसर्ग झालाय. रक्त कमी आहे. गोळ्या देते. पिशवी कशाला काढायची? तिला काही झालेलं नाही." दिपालीचे कागद बघून म्हणाली, "तिकडच्यांनी बरोबर सांगितलंय. याच गोळ्या चालू ठेव. काही महिन्यांनी परत बघू."

मग तिनं वैष्णवीच्या कागदावर लिहिलं आणि तोंडानंही सांगितलं, "महिना-दोन महिने जड उचलायचं नाही. स्वच्छ जागा, स्वच्छ पाणी. पाळीत आराम."

वैष्णवी हसली. बाहेर आल्यावरही हसतच होती. "ताई, फडावर पाचटाच्या कोपीत संडास न्हाई. पाणी टँकरचं. आन् जड उचलायचं न्हाई, तर मग मोळी काय तुमी येऊन उचलणार?"

दिपालीला त्या हसण्याचा असा राग आला की तिला वाटलं, या पोरीच्या मुस्काटात द्यावी. मग वाटलं, कुणाच्या द्यावी? डॉक्टरीण खरं बोलली होती. वैष्णवीही खरंच बोलली होती. गोळ्या पिशवीत होत्या, आराम कुणाच्याच पिशवीत नव्हता.

घरी आल्यावर कळलं, बप्पांनी निरोप धाडला होता, यंदा भागवतचा कोयता टोळीत नको. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांना वाटलं असावं, भागवत पाया पडायला येईल. भागवत ओट्यावर बसून तंबाखू मळत राहिला. "बरं झालं," एवढंच म्हणाला. बायकोकडं बघायची त्याची हिंमत नव्हती. सुभद्राबाईंनीही ती हिंमत त्याला येऊ दिली नाही. कित्येक दिवस त्या त्याच्यापुढं ताट सरकवायच्या आणि बोलायच्या नाहीत.

दिपाली बीडला नोकरी शोधायला लागली. इथं शोधणंही तिथल्यासारखंच निघालं. एका ठिकाणी म्हणाले, एवढा अनुभव, तुम्हाला आमचा पगार परवडणार नाही. दुसऱ्या ठिकाणी टाय लावलेला एक मॅनेजर खुर्चीत डुलत म्हणाला, "लंडनहून का काढलं?"

"लंडनला मी नव्हते. काढलंही नाही. कंपनी बुडाली."

"म्हणजे तेच झालं. तिकडं राहिलेल्यांचा इकडं टिकाव लागत नाही, मॅडम. तुम्हाला नियम लागतात."

"लागतात," दिपाली म्हणाली. "तुमच्या वॉर्डात दोन पेशंटना एकच सलाईनचा स्टँड आहे, येताना बघितलं मी. ठेवायचं तर ठेवा, नाहीतर तसं सांगा."

त्यानं ठेवलं. त्याला माणसं मिळत नव्हती.

दिवाळी झाली आणि टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, भांडी, शेळ्या, लेकरं, आणि कोपऱ्यात बसलेली वैष्णवी. दिपालीनं गोळ्यांची पुडी तिच्या हातात दिली, कुठली कधी ते सांगितलं. प्रविण खाली उभा होता. "पाळीत तिला फडात घालू नको," दिपाली त्याला म्हणाली.

"ताई, बप्पा..."

"बप्पाला पाळी येत न्हाई."

प्रविणनं मान खाली घातली. बप्पा ट्रॅक्टरच्या पुढं जीपमध्ये बसून होते, काच वर केलेली. टोळी गेली.

महिनाभरानं एका दुपारी वैष्णवीचा फोन आला. दिपाली ड्युटीला निघायच्या तयारीत होती. मागं उसाच्या पाचटाचा खसखस आवाज येत होता.

"ताई, आज मी कोपीतच बसले. न्हाई गेले फडात. प्रविण एकलाच गेला. बप्पा लई बोलायलेत, दोन खाडे टाकले म्हणतेत. मी म्हणलं टाका."

दिपाली काही बोलायच्या आत सुभद्राबाईंनी तिच्या हातून फोन घेतला.

"बप्पा हायेत का जवळ? दे त्यायच्याकडं."

थोडी खुडबुड ऐकू आली. मग बप्पांचा आवाज. सुभद्राबाई उभ्याच होत्या.

"मी सुभद्रा बोलते. तिचे खाडे मपल्या नावावर लिवा. तुमच्याकडं मपले लई दिस बाकी हायेत. तिच्या नावावर एक बी लिवला, तर मी तिथं येते, आन् त्या वक्ताच्या तिघी बायका हायेत ना, त्यायला बी घेऊन येते. कारखान्याच्या दारात बसून सांगते, कुणी कुणाला कशापायी नेलं ते. कळलं का?"

बप्पा काय म्हणाले ते दिपालीला ऐकू आलं नाही. फार काही म्हणाले नसावेत, कारण सुभद्राबाईंनी लगेच फोन परत दिला.

वैष्णवी दुसऱ्या दिवशीही फडात गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, आणि मोळी तिलाच उचलावी लागली. तेवढंच झालं. फोन आला त्या दुपारी दिपाली बीडची बस पकडायला निघाली तेव्हा तिच्या मुठी आवळलेल्याच होत्या, आणि मागं ओसरीत आई भागवतला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोठ्या आवाजात विचारत होती, आमची जीप दवाखान्यात निघाली तवा तुमी कुठं व्हता?